म्हातारीच्या अंगावरचे दोरे

४ जानेवारी

भावजींस,

नमस्कार. पत्र लिहायला भाग पडलं ते एवढ्यासाठी, की शेडचा मालक अठ्ठावीस फेब्रुवारीला शेड पाडणार आहे आणि शेडमध्ये म्हातारी उभी आहे. ती विकायची आहे. जुन्या गाड्यांची किंमत ठरवणं हा तुमचा धंदा आहे आणि ही गाडी तुम्ही आतून ओळखता. फोन केला असता, पण तुमच्या बहिणीने सांगितलं की तुम्हाला फोनवर आता काही ऐकू येत नाही. समोरचा विचारतो एक आणि तुम्ही सांगता तिसरंच. तेव्हा पत्र बरं.

हे ऑगस्टमध्ये गेले, त्याला पाच महिने झाले. तुम्ही आला नाहीत. बावीस वर्षांपूर्वी गॅरेजमध्ये तुमच्या दोघांत जे झालं ते मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. गॅरेजचं घरात आणायचं नाही हा माझाच नियम होता. आजही विचारत नाही. कामाचं बोलू.

गाडी काळी, चार दारांची, माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. बावीस वर्षं जागची हललेली नाही. चारही टायर बसले आहेत. आरसी बुक आहे, नूतनीकरण झालेलं नाही. आतल्या गाद्या उंदरांनी सोडल्या आहेत, का ते त्यांनाच ठाऊक. हे दर रविवारी तिच्यावरची चादर काढून पुसत आणि पुन्हा घालत. चालवत का नाही असं विचारलं की म्हणत, "चॅसी गेलीये." विकत का नाही विचारलं की चादरीची टोकं ओढत बसत.

गिऱ्हाइकं दोन आली. पहिला भंगारवाला. स्वतःचा काटा घेऊन आला. वजनमापं खात्यात मी एकतीस वर्षं काढली आहेत हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. काटा शंभराला चार किलो खात होता. दाखवून दिलं तर म्हणतो, "बाई, तुम्ही तर रिटायर झालात ना?" मी म्हटलं, "मी झाले. काटा झाला का?" काटा सुधारून अडतीस हजार म्हणाला.

दुसरे एक हॉटेलवाले आहेत. नवं हॉटेल उघडत आहेत, त्यांना दारात जुनी गाडी हवी. त्यांनी आकडा सांगितला नाही, मलाच विचारला. मी आठ दिवसांनी सांगते म्हटलं. न तपासता आकडा सांगायची मला सवय नाही.

तरी खरी किंमत काय धरावी आणि कोणाला द्यावी, ते कळवा. तुमची फी काय असेल तीही लिहा.

वहिनी


१३ जानेवारी

ती. वहिनींस, सा. नमस्कार.

पत्र पोचलं. पाकिटावरचं अक्षर पाहूनच मी ताठ बसलो. तुम्ही पूर्वी गॅरेजच्या दारात नुसत्या उभ्या राहिलात तरी आम्ही पाने-पकडी जागेवर ठेवायचो.

दादाच्या वेळी आलो नाही. यायला पाहिजे होतं. त्यावर मी काही लिहीत नाही, कारण जे लिहीन ते तोकडं पडेल.

फी वगैरे सोडा. जुन्या गाडीला तीन किमती असतात. एक चालतीची. ती घेणाऱ्याच्या हौसेवर ठरते आणि हौसेला मोल नाही, त्यामुळे ती सगळ्यांत जास्त. दुसरी उभीची. गाडी चालणार नाही, पण अंग शाबूत आहे, दारात शोभेल. ती चालतीच्या चौथाई धरायची. तिसरी तुकड्यांची. दिवे, आरसे, घड्याळ, दाराच्या मुठी. एकेक विकत बसलं तर उभीपेक्षा बरे पैसे येतात, पण वर्ष जातं. विकणाऱ्याने आपली गाडी कोणत्या रांगेतली हे आधी ठरवायचं. बहुतेक लोक उभी गाडी चालतीच्या रांगेत नेऊन ठेवतात आणि मग भांडणं होतात.

तुमची गाडी या तिन्हीत नाही. ती भंगारात द्या, वहिनी. अडतीस हजार चांगले आहेत. मी इथून गॅसकटरवाला माणूस पाठवतो, त्याचं भाडं मी देईन. शेडमध्येच तिचे चार तुकडे करू दे, मग न्या म्हणावं.

तोवर दोन गोष्टी पाळा. कोणाला ती चालू करू देऊ नका. आणि जॅक लावून कोणाला खाली शिरू देऊ नका.

हॉटेलवाल्यांना नाही म्हणून सांगा. लोकांना शोभेला दिलेली गाडी शोभेला राहत नाही. कोणीतरी एक दिवस किल्ली फिरवतोच.

आपला,
भावजी


२१ जानेवारी

भावजींस,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तीन किमती समजावल्यात ते उत्तम. चौथी सांगितलीत ती मला पटलेली नाही.

स्पष्ट लिहिते. पदरचे पैसे घालून कोणी माझी गाडी कापायला निघतं तेव्हा मला त्याचा काटा तपासावासा वाटतो. कारण लिहिलं नाहीत. "तिन्हीत नाही" हे कारण नव्हे. तुमचं गिऱ्हाईक ठरलेलं असेल आणि तुकडे तुमच्याकडेच यायचे असतील तर तसं सरळ लिहा, मला राग नाही. पण भाव मी ठरवीन.

दरम्यान मी गाडी धुतली. हॉटेलवाल्यांना फोटो हवे होते. बॉनेट उघडलं तर आत ठिकठिकाणी लाल दोरे बांधलेले. वायरीला, नळीला, पट्ट्याला, जिथे हात पोचेल तिथे. गाडीच्या आत, बसायच्या जागेतही होते. जत्रेतलं झाड दिसत होतं. फोटोत ते बरं दिसेना म्हणून कात्रीने सगळे कापून टाकले. अठरा निघाले. काहींना एक गाठ, काहींना दोन-तीन. एकाला मात्र सात. ही काय सवय, तुम्हाला ठाऊक असेल. माणूस असा विसराळू नव्हता. घरीसुद्धा त्यांनी न्हाणीघराच्या कडीला असाच एक दोरा बांधला होता. मला वाटलं कडी सैल झाली. सुताराला तीनदा बोलावलं. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "बाई, कडीत काही दोष नाही. दोष निघाला तर मी पैसे परत देतो." ह्यांना विचारलं तर म्हणाले, "राहू दे दोरा." राहू दिला. अजून आहे.

हॉटेलवाल्यांना फोटो आवडले. साडेतीन लाख म्हणाले. त्यांचा मिस्त्री बॅटरी घालून चालू करून बघणार. वीस फेब्रुवारीला हॉटेलचं उद्घाटन आहे, त्या दिवशी त्यांना आपल्या मुलीला या गाडीतून आणायचंय. मुलगी पंधरा-सोळा वर्षांची आहे, फोटो बघायला आली होती. चुणचुणीत आहे. तिने मला एकच प्रश्न विचारला, "हिला नाव आहे?" मी म्हटलं, "म्हातारी." हसली.

कारण असेल तर कळवा. नाहीतर मी हो म्हणते आहे.

वहिनी


२९ जानेवारी

वहिनी,

सात? पुन्हा मोजा.

ते दोरे ही विसराळूपणाची खूण नव्हे. दादाची पद्धत होती. गाडीत कुठे दोष दिसला आणि लगेच दुरुस्त करता आला नाही, की तो त्या जागी लाल दोरा बांधायचा, एक गाठ मारून. तोच दोष पुन्हा दिसला की दुसरी गाठ. पुन्हा दिसला की तिसरी. दुरुस्त झाल्यावरच दोरा सोडायचा. कागदावर लिहिलेलं हरवतं, तोंडी सांगितलेलं लोक विसरतात, दोरा जागेवर राहतो, असं म्हणायचा. मी त्याच्याजवळ सहा वर्षं होतो. तीन गाठी झाल्या की तो गाडी गिऱ्हाइकाला देत नसे, भांडण झालं तरी. चार मी एकदाच पाहिल्या. सात कधीच नाही.

तुम्ही अठरा दोरे कापलेत म्हणजे अठरा दोषांच्या पाट्या उतरवल्यात. आता बघणाऱ्याला सगळं ठीकच दिसणार.

सात गाठींचा दोरा कुठे होता ते आठवा. बॉनेटमध्ये, की खाली? लगेच कळवा. गाडी हलू देऊ नका.

बाकीचं सवडीने लिहितो.

भावजी


३ फेब्रुवारी

भावजींस,

मोजल्या. सातच आहेत. कुठे होता ते आठवत नाही. मी एका टोकापासून ओळीने कापत गेले आणि सगळे बटणांच्या डब्यात टाकले. माझ्या हातून असं काम झालेलं नाही. दुकानदाराने शिक्का तोडला तर मी त्याला दंड करत असे. इथे अठरा शिक्के मीच तोडले. ते असो.

तुमचं पत्र एक तारखेला आलं. मिस्त्री एकतीसला येऊन गेला होता. टायरांत हवा भरली, बॅटरी घातली, टाकी धुतली. चार वेळा खोकून म्हातारी चालू झाली. त्याने ती शेडबाहेर काढली आणि आवारात एक चक्कर मारली. बावीस वर्षांनी तिच्यावर ऊन पडलं. मी काही हळवी बाई नाही, पण मी दोन पावलं मागे सरले.

"इंजिन गोड आहे, आजी," तो म्हणाला.

"मी तुमची आजी नाही. ब्रेक?"

"आहेत म्हणायचे."

"म्हणायचे म्हणजे?"

"पायाखाली काहीतरी लागतं. होईल ते. स्टिअरिंग जरा डावीकडे ओढतंय, म्हातारपण. तुम्हीपण सकाळी उठल्यावर लगेच सरळ चालता का?"

"हो," मी म्हटलं. तो बॉनेट लावायला गेला.

हॉटेलवाल्यांनी विसार दिला आहे. एकोणीसला गाडी न्यायचं ठरलं. पण त्याआधी अकरा तारखेला सकाळी ते स्वतः मुलीला शेजारी बसवून मोठ्या रस्त्यावर एक फेरी मारणार आहेत. मी म्हटलं, आधी नीट तपासून घ्या, ह्यांनी काही दोष नोंदले होते, पण जागा मला सांगता येत नाहीत. ते हसले. म्हणाले, "बाई, दुसरं कोणी जास्त देतंय का? तसं सांगा." जागा दाखवता येत नाही तोवर माझ्या बोलण्याला वजन नाही.

"बाकीचं सवडीने" असं तुम्ही लिहिलंत. भावजी, सवड नाही. गाडी डावीकडे ओढते. तुम्ही पहिल्याच पत्रात खाली शिरू नका म्हणालात. तिच्याखाली काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. मला शब्दांत लिहून पाठवा, कुरिअरने.

वहिनी


७ फेब्रुवारी

वहिनी,

लिहितो.

बावीस वर्षांपूर्वी उन्हाळ्यात म्हातारीच्या चॅसीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, चीर गेली होती. पुढे डाव्या बाजूला, जिथे स्टिअरिंगचा डबा बोल्टांनी बसवलेला आहे, त्याच्या खालीच. दादा आठ दिवस परगावी होता. जाताना मला म्हणाला, चिरलेला भाग कापून नवी पट्टी बसव, मग जोड. मी पट्टी बसवली नाही. पट्टीचे पैसे मी दुसरीकडे खर्च केले. कुठे, ते आता कशाला. मी चीर नुसती वरून वेल्डिंगने बुजवली, पुट्टीसारखी लांबी भरली, घासून काळा रंग मारला. दादा आल्यावर त्याला सांगितलं, नवी पट्टी घातली आहे.

महिनाभर गाडी चालली. मग तुम्ही तिघं त्या दुपारी परत येत होतात आणि गाडी रस्ता सोडून उताराने खाली शेतात गेली. तुम्हाला आठवत असेलच. दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने मला हाताला धरून गाडीखाली नेलं. लांबी खरवडली होती. बॅटरीच्या उजेडात त्याने मला माझा जोड दाखवला. म्हणाला, "स्टिअरिंग अडकलं. माझी बायको-पोरगी आत होती. आता तू जा." एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी बोलायला तोंड उघडलं तर म्हणाला, "आवाज नको, वर घरात ऐकू जाईल."

मी गेलो. त्यानंतर वेल्डिंगची कांडी मी हातात धरली नाही. दुसऱ्यांच्या गाड्यांतले दोष शोधून त्यांची किंमत पाडायची, एवढंच काम धरलं. त्याला मी लोकांपुढे अनुभव म्हणतो.

त्या जोडाच्याच सात गाठी आहेत. दुसरं काही असू शकत नाही. सात वेळा उघडलेला जोड मोठ्या रस्त्यावर धरणार नाही. हे पत्र त्या हॉटेलवाल्यांना दाखवा. माझं नाव-पत्ता पाकिटावर आहे, हवं तर त्यांनी माझ्यावर फिर्याद करावी. पण त्या मुलीला आत बसू देऊ नका.

भावजी


११ फेब्रुवारी

भावजींस,

तुमचं कुरिअर काल दुपारी आलं. फेरी झाली नाही हे आधी सांगते, म्हणजे पुढचं तुम्हाला शांतपणे वाचता येईल.

पत्र वाचलं आणि तशीच शेडमध्ये गेले. मिस्त्री ब्रेकचं तेल भरत होता. त्याला म्हटलं, "खाली शिरा. पुढे डावीकडे, स्टिअरिंगच्या डब्याखाली. काय दिसतं ते मोठ्याने सांगा." तो म्हणाला, "बाई, उद्या सकाळी मालक येणार आहेत." मी म्हटलं, "म्हणूनच आज."

त्याने जॅक लावला, खाली विटा रचल्या आणि बॅटरी घेऊन शिरला. म्हणाला, "जोड आहे. उघडलाय. केसाएवढा." मग म्हणाला, "इथे एक लाल दोरा आहे."

मी गाडीखाली कधी शिरलेच नव्हते, तेव्हा तो माझ्या कात्रीतून सुटला होता. एकोणिसावा. मी म्हटलं, "गाठी मोजा."

"दोन."

"नीट मोजा."

"बाई, दोन मोजायला शाळेत जावं लागत नाही. दोन."

भावजी, तुमच्या जोडाच्या गाठी दोन आहेत. मी वाकून स्वतः पाहिल्या. ह्यांच्या हिशोबाने तीन झाल्यावर गाडी थांबते. दोन म्हणजे वाईट काम, लवकर दुरुस्त करावं असं. मिस्त्री म्हणाला, भाग कापून पट्टी घातली तर दोन दिवसांचं काम आहे. तुम्ही चूक केलीत, खोटं बोललात, त्याबद्दल मी तुम्हाला सोडत नाही. पण सात गाठी तुमच्या नाहीत.

मग कोणाच्या, हे मला शोधायचं होतं. गाडी कोणी हलवू नये म्हणून स्टिअरिंगचं चाकच काढून घ्यावं असं मी ठरवलं. मधला नट कसा आहे ते बघायला चालकाच्या जागेवर बसले. एवढ्या वर्षांत त्या जागेवर मी पहिल्यांदाच बसले. चाकाखाली, गुडघ्यांच्या उंचीवर, दांड्याभोवती एक गोल स्वच्छ पट्टा दिसला. बाकी सगळीकडे जुनी धूळ घट्ट बसलेली, आणि बोटभर रुंदीचा तेवढाच भाग चकचकीत. बटणांचा डबा पिशवीत आणला होता. सात गाठींचा दोरा काढला. बाकीचे तेलाने काळे झालेत, हा एकटा कोरडा लाल आहे. पट्ट्यावर ठेवला, बरोबर बसला. आणि आठवलं. गाद्या झटकताना सर्वांत शेवटी मी तो इथूनच कापला होता.

मिस्त्रीला दांडा तपासायला सांगितला. त्याने सगळा खोलला, फिरवला, ठोकून पाहिला. म्हणाला, "बाई, यात काही दोष नाही."

हेच वाक्य मी आधी ऐकलं होतं. सुताराकडून, न्हाणीघराच्या कडीबद्दल.

घरी आले. कडीवरच्या दोऱ्याच्या गाठी मोजल्या. चार. मग जिन्याकडे गेले. हे ऑगस्टमध्ये जिन्यावरून पडून गेले हे तुम्हाला बहिणीने कळवलं असेल. पाय घसरला असं आम्ही सगळे म्हणालो. पायरी ओली नव्हती, चप्पल नवी होती, तरी म्हणालो. वरून तिसऱ्या पायरीशी कठड्याच्या आतल्या बाजूला, जिथे झाडणाऱ्याखेरीज कोणाचं लक्ष जाणार नाही, तिथे लाल दोरा आहे. पाच गाठी. सहावी मारायला ते राहिले नाहीत.

दोष कडीत नव्हता, कठड्यात नव्हता, दांड्यातही नव्हता. ज्या जागी तो दिसला त्या जागेला त्यांनी दोरा बांधला, एवढंच. स्वतःला कुठे बांधणार?

ती दुपार मला आठवते. रस्ता सरळ, उजेड स्वच्छ, समोर काही नाही. मुलगी मागे झोपलेली, नऊ वर्षांची. मी त्यांना काहीतरी विचारलं, घरी दूध आहे का असलं. उत्तर आलं नाही. मला वाटलं रागावलेत. मी पण गाल फुगवून खिडकीबाहेर बघत बसले. गाडी हळूहळू डावीकडे गेली, उतरली, दगडांच्या राशीला लागून थांबली. तेव्हा ते म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "मला काय विचारता?" मग त्यांनी हात चाकावर ठेवून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "स्टिअरिंग अडकलं." ती सातवी असणार. आता आठवायला बसले तर आधीच्या चार तरी सापडतात. प्रत्येक वेळी मी रागावलेत असंच समजले होते. त्या दिवसानंतर त्यांनी कोणतीच गाडी चालवली नाही. गिऱ्हाइकांच्या गाड्याही ढकलून बाहेर काढत, फेरी मारायला दुसऱ्याला पाठवत. आम्ही म्हणायचो, मालक झाले.

तुमचा जोड त्यांना त्याच रात्री किंवा दुसऱ्या सकाळी सापडला. हाताशी आलेलं कारण त्यांनी उचललं. तुम्ही गुन्हेगार होतात, पण त्या गुन्ह्याचे नव्हे. ते ठाऊक असून त्यांनी तुम्हाला जाऊ दिलं आणि बावीस वर्षं मला "चॅसी गेलीये" सांगितलं. मी ह्यांची बाजू घेणार नाही. फक्त एवढंच, की गॅरेजचं घरात आणायचं नाही हा नियम माझा होता, आणि ते नियम पाळणारे होते.

आज सकाळी हॉटेलवाले मुलीला घेऊन आले. चाक माझ्या पिशवीत. "बाई, आता भाव वाढवायचाय का?" म्हणाले. मी म्हटलं, "कमी करायचाय." त्यांना गाडीखाली नेलं, जोड दाखवला, त्यांचं बोट त्यावर ठेवायला लावलं. बाकी सतरा दोरे तेलकट आहेत. ते कोणत्या नळीचे, कोणत्या वायरीचे, मला सांगता येत नाही, म्हणजे सतरा दोष आत कुठेतरी आहेत आणि त्यांची जागा मी पुसली आहे, हेही सांगितलं. ते म्हणाले, असा विकणारा मी पाहिला नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, मी चालत येईन."

नव्वद हजारांना ठरली. तुमच्या भाषेत, उभीची किंमत. चाक मी देणार नाही. सतराही जागा सापडल्या, दुरुस्त झाल्या आणि तसं लेखी आलं की नेऊन देईन.

वहिनी


१५ फेब्रुवारी

ती. वहिनींस,

पत्र वाचून मी दाराबाहेर जाऊन बसलो. शेजारी विचारून गेले, मला ऐकू आलं नाही, ते बरं झालं.

दोन. त्याने दोनच मारल्या.

मला राग यायला हवा, आणि येईलही, वेळ लागेल. आधी एक सांगायचं राहिलंय ते सांगतो. गॅरेजमध्ये एकदा तो हातात पाना धरून उभा राहिला होता, डोळे उघडे, मी तीनदा हाक मारली तरी हलेना. मग एकदम म्हणाला, "काय रे?" मी म्हटलं, "काही नाही." पान्याच्या फळीला संध्याकाळी लाल दोरा दिसला. मी त्याला चिडवलं, फळीत काय दोष? तो हसला. मी पुढे विचारलं नाही. तेव्हा न विचारणाऱ्यांत तुम्ही एकट्याच नव्हतात.

किंमत बरोबर लावलीत. मी यापेक्षा चांगली लावली नसती.

एक ऐका. तो दोरा बांधत होता तो फक्त गाडीला, कडीला आणि जिन्याला असेल असं धरू नका. घर शोधा. वरपासून खालपर्यंत. त्याच्या हातात काय काय असायचं, तो कुठे कुठे उभा राहायचा, सगळं. आता त्याचा उपयोग नाही असं म्हणाल. पण किती वर्षांपासून होतं हे तुमच्या मुलीला कळलेलं बरं. तीही गाडी चालवते ना? डॉक्टरांना विचारायला आकडा लागतो.

जमलं तर माझा दोरा मला पाठवा.

भावजी


१९ फेब्रुवारी

देण्याघेण्याची नोंद. तीन प्रती: घेणाऱ्यास, भावजींस, स्वतःस.

हॉटेलवाल्यांस दिलं: काळी चार दारी गाडी एक, नादुरुस्त, चालवण्यास अयोग्य. टेम्पोवर चढवून नेली. स्वतःच्या चाकांवर फाटकाबाहेर गेलेली नाही. आरसी बुक. किल्ल्या दोन. चादर एक. लाल दोरे सतरा, लिफाफ्यात, मोहरबंद, जागा अज्ञात. डाव्या पुढच्या जोडाचं वर्णन, एक पान. घेणाऱ्याने जोड हाताने तपासल्याची सही आहे.

घेतलं: नव्वद हजार, विसार धरून.

दिलं नाही: स्टिअरिंगचं चाक. मुलगी मागायला आली होती. तिलाही दिलं नाही. तिने कारण विचारलं, ते सांगितलं.

भावजींस रजिस्टर पोस्टाने: लाल दोरा एक, गाठी दोन.

घरी आहे, कोणासही दिलेलं नाही: दांड्याचा दोरा, गाठी सात. न्हाणीघराची कडी, चार. जिन्याचा कठडा, पाच. गच्चीचं दार, तीन. माळ्यावर, जुन्या गादीखाली, मुलीचा पाळणा. डोक्याकडच्या दांडीला लाल दोरा, रंग उडालेला. गाठ एक.

मुलीला आज फोन केला. गाडी बाजूला घे म्हटलं, मग बोलले.